प्रश्नच फोटोंकडे पाठवला तर?

१. फोटो माझे, मग सापडत का नाहीत?

संगणकाशी फारसा संबंध नसलेली माणसंही हल्ली हा प्रश्न विचारतात, आणि वैतागून विचारतात. फोटो मी काढले, फोन माझा, लॅपटॉप माझा. मग हवा तो फोटो हवा तेव्हा मिळत का नाही?

एक घर धरू. २०१९ साली साताऱ्याला आजीची पंचाहत्तरी झाली, तिचे फोटो हवे आहेत. काही फोटो बाबांच्या जुन्या फोनमध्ये आहेत. तो फोन आता कपाटात पडून असतो, पण चार्ज केला की चालू होतो. काही मुलीच्या पुण्यातल्या लॅपटॉपवर आहेत. कॅमेऱ्याचं कार्ड मामांनी त्याच रात्री आपल्या संगणकावर रिकामं केलं होतं. मुलगा टोरांटोला, त्याच्या फोनमध्ये त्याने काढलेले. शिवाय व्हॉट्सॲपच्या घरच्या ग्रुपवर आलेले फोटो प्रत्येकाकडे थोडे थोडे आहेत आणि कुणाकडेच सगळे नाहीत.

यावर ठरलेला सल्ला म्हणजे ‘सगळं क्लाउडवर टाका’. म्हणजे आपले फोटो इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या संगणकांवर चढवायचे आणि तिथे शोधायचे. गूगल फोटोज मे २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा थोडा दर्जा कमी केलेले फोटो कितीही आणि फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जाऊ लागले आणि ‘स्टोरेज संपत आलं आहे’ हे वाक्य घराघरांत पोचलं. तरीही क्लाउड वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बहुतेकांसाठी तो सोयीचाच आहे. पण त्या सल्ल्यात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते: शोधायचं तर आधी सगळं एका जागी आणलं पाहिजे.

आणलंच पाहिजे का?

२. दप्तर घरी आणायचं, की आपण दप्तरात जायचं?

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गो. स. सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद संपादून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले, तरी दप्तराचा मोठा भाग रुमालांतच राहिला. संशोधकाला एखाद्या मोहिमेचा खर्च शोधायचा असेल, तर तो सगळे रुमाल बैलगाडीत घालून घरी आणत नाही. काय शोधायचं ते डोक्यात घेऊन तो स्वतः दप्तरात जातो. परवानगी काढतो, रुमाल सोडतो, नको ते बाजूला ठेवतो, हव्या त्या चार कागदांच्या नकला करून घेतो. एका रुमालात नवं नाव सापडलं की पुढच्या रुमालात तेही शोधतो.

फिरता एजंट हा या संशोधकासारखा वागणारा प्रोग्राम असतो. तो एका यंत्रावर चालू होतो, तिथलं काम उरकतो, स्वतःला गुंडाळून नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर जातो आणि तिथे पुन्हा चालू होतो. सोबत तीन गोष्टी असतात: काम कसं करायचं याच्या सूचना, आतापर्यंत गोळा केलेली माहिती, आणि पुढे कुठे जायचं याचा मार्ग.

आपण रोज वापरतो ती ॲपं अशी नसतात. ॲप एकदा येऊन फोनमध्ये मुक्काम ठोकतं. वेबसाइटवर शोध घेताना आपण फक्त चार शब्द पाठवतो, निर्णय समोरचा संगणक घेतो, आणि त्याला जेवढं शिकवलेलं असेल तेवढंच तो करतो. फिरत्या एजंटबरोबर निर्णय घेण्याची रीतही प्रवास करते.

३. हिशोब करून पाहू

आपल्या घरातल्या चार यंत्रांवर मिळून २०,००० फोटो आहेत आणि सरासरी एक फोटो ३ एमबीचा आहे असं धरू. एकूण ६०,००० एमबी, म्हणजे ६० जीबी. घरच्या इंटरनेटचा वर चढवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट धरू.

पहिली रीत: सगळं एका जागी आणा. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून ६०,००० एमबी म्हणजे ४,८०,००० मेगाबिट. भागिले १०, म्हणजे ४८,००० सेकंद. तेरा तास वीस मिनिटं, तेही मध्ये वीज न जाता.

दुसरी रीत: फोटो तिथेच राहू देत, दुरून एकेकाबद्दल विचारा. ‘हा फोटो कधीचा? पुढचा कधीचा?’ एका प्रश्नोत्तराला सेकंदाचा दहावा भाग लागला तर २०,००० प्रश्नांना २,००० सेकंद, म्हणजे सुमारे ३३ मिनिटं. शिवाय चेहरा पाहायचा असेल तर प्रत्येक फोटोची चिमुकली प्रत, १५ केबीची धरू, मागवावी लागेल. त्याचे आणखी ३०० एमबी.

तिसरी रीत: २०० केबीचा एजंट पाठवा. तो प्रत्येक यंत्रावर तिथल्या तिथे फोटो तपासतो आणि शेवटी जुळणाऱ्या ४० फोटोंच्या चिमुकल्या प्रती घेऊन परततो. त्यांचे ६०० केबी. पूर्ण भरलेला एजंटसुद्धा ८०० केबीचा, म्हणजे ६.४ मेगाबिटचा. एका टप्प्याला पाऊण सेकंदही नाही. सगळे टप्पे धरले तरी रस्त्यातला वेळ चार सेकंदांच्या आत. त्यातले १२ फोटो आवडले तर मूळ प्रती मागवायच्या: ३६ एमबी, अर्धं मिनिट.

या हिशोबात एक पळवाट आहे, ती सांगितली पाहिजे. फोनला पाच हजार फोटो तपासायला लागणारा वेळ मी मोजलेला नाही. तारीख बघणं झटपट होतं. चेहरे ओळखायला वेळ लागतो आणि बॅटरीही. चेहरा ओळखण्याची शिकवणी एजंटने सोबतच न्यायची म्हटली तर त्याचं वजन काही एमबीने वाढतं. ती क्षमता यंत्रात आधीच असेल तर एजंट हलका राहतो. तरीही तेरा तासांपुढे हे काहीच नाही.

दुसऱ्या रीतीवर मी जरा अन्यायही केला आहे. हुशार प्रोग्रामर वीस हजार प्रश्न वेगवेगळे पाठवणार नाही, एकाच पत्रात पाठवेल. हा आक्षेप गंभीर आहे. आयबीएमच्या संशोधनशाळेतल्या हॅरिसन, चेस आणि कर्शनबाउम यांनी १९९५ च्या अहवालात नेमकं हेच म्हटलं: फिरत्या एजंटाचा जवळजवळ प्रत्येक फायदा दुसऱ्या एखाद्या साध्या उपायाने मिळू शकतो, सगळे फायदे एकत्र देणारा दुसरा उपाय मात्र दिसत नाही. या दोन अर्ध्यांपैकी जगाने पहिला अर्धा ऐकला. घरच्या फोटोंच्या बाबतीत दुसरा अर्धा जास्त खरा आहे असं मला वाटतं, आणि त्याचं कारण पुढच्या भागात आहे.

४. साताऱ्यात कळलेलं पुण्यात वापरायचं

फोटोच्या फाइलमध्ये चित्राखेरीज छोटी टिपणंही असतात: कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने, आणि लोकेशन चालू असेल तर कुठे. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या फोटोत ही टिपणं सहसा शाबूत असतात. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रात ती उरत नाहीत, आणि चित्रही दाबून लहान केलेलं असतं. अँड्रॉइड फोनवर अशा फाइलच्या नावात एक तारीख दिसते खरी, पण ती फोटो आल्याची, काढल्याची नव्हे. काकूंनी २०२१ मध्ये कार्यक्रमाचे फोटो पुन्हा पाठवले असतील, तर नावात २०२१ असणार. ‘२०१९ चे फोटो दे’ असं बाबांच्या फोनला विचारलं तर तो प्रामाणिकपणे चुकीचं उत्तर देईल.

म्हणून फोटोला फोटोवरूनच ओळखायला हवं, आणि त्यासाठी एक सोपी रीत आहे. चित्र काळं-पांढरं करायचं आणि इतकं लहान करायचं की आठ आडवे, आठ उभे असे ६४ चौकोन उरतील. प्रत्येक चौकोनाला उजेडाचा एक आकडा मिळतो, शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. सगळ्यांची सरासरी काढायची. चौकोन सरासरीहून उजळ असेल तर १ लिहायचा, नाहीतर ०.

फक्त आठ चौकोन घेऊन करून बघू. मूळ फोटोत आकडे असे आहेत: २००, १९०, १८०, ६०, ५०, ४०, १७०, २१०. बेरीज १,१००, सरासरी १३७.५. म्हणजे ठसा झाला १ १ १ ० ० ० १ १. आता व्हॉट्सॲपने दाबलेली प्रत: १९६, १८८, १८३, ६४, ५२, ४१, १६६, २०७. आकडे सगळे बदलले. बेरीज १,०९७, सरासरी साधारण १३७.१. ठसा? पुन्हा १ १ १ ० ० ० १ १. चित्र दाबलं गेलं, पण उजेड-अंधाराची मांडणी तीच राहिली.

६४ चौकोनांचा ठसा ८ बाइटचा होतो. म्हणजे घरातल्या सगळ्या २०,००० फोटोंचे ठसे मिळून १,६०,००० बाइट, जेमतेम १६० केबी. एजंट हे सहज सोबत नेऊ शकतो.

आता प्रवास पाहा. एजंट साताऱ्याला बाबांच्या फोनमध्ये शिरतो, तारीख हरवलेल्या फोटोंचे ठसे घेतो आणि पुण्याला लॅपटॉपवर जातो. तिथे तोच ठसा असलेली मूळ फाइल सापडते, आणि तिच्यात तारीख आहे. बाबांच्या फोनमधला अनाथ फोटो आता १२ मे २०१९ चा ठरला. त्याच दिवसाचे, मूळ स्वरूपातले आणखी फोटो मामांच्या संगणकावर शोधायचे हेही त्याला पुण्यातच कळलं. प्रत्येक थांब्यावर प्रश्न थोडा बदलतो आहे, धारदार होतो आहे. एकाच पत्रात सगळे प्रश्न लिहून पाठवणाऱ्याला हे जमत नाही, कारण पुढचा प्रश्न काय असणार हे पत्र लिहिताना कुणालाच माहीत नसतं.

ठशांवर फार विसंबूही नये. ग्रुप फोटो काढताना कुणीही एकच काढत नाही, लागोपाठ पाच-सहा काढतो. त्यांचे ठसे जवळपास सारखेच येतात, आणि त्यातल्या एकातच आजीचे डोळे उघडे असतात. म्हणून एजंटाने सारखे दिसणारे फोटो एकत्र मांडावेत, पुसू नयेत. पुसण्याचा अधिकार प्रोग्रामला देणं मला कधीच पटलेलं नाही.

५. अर्ध्यावर थांबलेलं काम आणि बंद फोन

समजा एजंट ३,४१२ वा फोटो तपासत असताना बाबांचा फोन बंद पडायला आला. एजंटाला निघायला हवं. पुन्हा आला की कुठून सुरू करणार?

याची दोन उत्तरं आहेत. पहिल्या प्रकारात प्रोग्राम जसा चालू होता तसाच्या तसा गोठवून पाठवतात, मनात चाललेल्या विचारासकट. पुन्हा उघडला की तो न सांगता ३,४१३ व्या फोटोपासून सुरू होतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये १९९० च्या दशकात तयार झालेली ‘एजंट टीसीएल’ ही प्रणाली अशी होती. दुसऱ्या प्रकारात फक्त सूचना आणि माहिती प्रवास करतात. ‘३,४१२ पर्यंत झालं’ हे एजंटाने स्वतःच्या वहीत लिहून ठेवायचं, आणि नव्या ठिकाणी वही वाचून पुढे जायचं. आयबीएमच्या तोक्यो प्रयोगशाळेत डॅनी लँग आणि मित्सुरू ओशिमा यांनी बनवलेले ‘अ‍ॅग्लेट्स’ या प्रकारचे होते. ते जावा भाषेत लिहिलेले होते, आणि १९९५ मध्ये आलेली जावा चालू प्रोग्राम विचारासकट गोठवू देत नसे. दुसरा प्रकार करायला सोपा, म्हणून तोच जास्त पसरला.

फोन बंदच असेल तर? डार्टमथच्या लोकांनी यावर साधा तोडगा काढला होता. प्रत्येक लॅपटॉपला, कायम चालू आणि कायम जोडलेल्या एका संगणकावर थांबायची जागा दिली. लॅपटॉप नेटवर्कवर नसेल तर एजंट त्या जागी वाट पाहत बसे. लॅपटॉप जोडला गेला की उडी मारून आत. आजच्या घरात ही जागा राउटरशेजारची हार्ड डिस्क किंवा एखादा जुना, बंद न होणारा संगणक घेऊ शकतो. टोरांटोतला मुलगा झोपलेला असतो तेव्हा त्याचा फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतो. तेव्हा आपल्याकडे दुपार असते. एजंटाला ती वेळ बरी.

६. जनरल मॅजिक

ही कल्पना बाजारात आणायचा सर्वांत धाडसी प्रयत्न जनरल मॅजिक या कंपनीने केला. १९९० मध्ये ती ॲपलमधून वेगळी निघाली. संस्थापकांत मार्क पोराट, आणि मॅकिंटॉश घडवणाऱ्यांपैकी बिल ॲटकिन्सन आणि अँडी हर्ट्झफेल्ड. खिशात मावेल असं एक यंत्र, त्यातून निघणारे एजंट, आणि ते एजंट जिथे भेटतील, व्यवहार करतील अशा नेटवर्कवरच्या ‘जागा’, असं त्यांचं चित्र होतं. त्यासाठी जिम व्हाइट यांच्या नेतृत्वाखाली टेलिस्क्रिप्ट नावाची भाषा तयार झाली. तिच्यात ‘जा’ अशी थेट आज्ञा होती. एजंटाला प्रवासासाठी तिकीट लागे, आणि त्याच्याकडे परवाना असे. किती काळ जगायचं, किती मोठं व्हायचं, किती साधनं वापरायची, हे परवान्यात लिहिलेलं असे. मुदत संपली की एजंट संपला.

१९९४ मध्ये सोनीचं मॅजिक लिंक हे यंत्र आलं, आणि त्यामागे एटी अँड टी कंपनीचं पर्सोनालिंक हे खास नेटवर्क. पण ते नेटवर्क बंदिस्त होतं. एजंट फक्त त्या कुंपणाच्या आत फिरू शकत. त्याच सुमारास कुणालाही दार उघडं असलेलं वेब वाढू लागलं, आणि १९९६ मध्ये पर्सोनालिंक गुंडाळलं गेलं. कंपनी २००२ पर्यंत कशीबशी टिकली.

याच कंपनीत काम केलेला टोनी फॅडेल पुढे आयपॉडच्या निर्मितीत प्रमुख होता, आणि अँडी रुबिनने अँड्रॉइड उभं केलं. ज्या यंत्रांनी आपली गाणी आणि फोटो दहा ठिकाणी पांगवले, ती यंत्रं करणारे काही जण पांगलेल्या गोष्टी शोधायचं साधन बनवणाऱ्या कंपनीतून आले होते. मला हे गमतीचं वाटतं.

७. कुणी कुणाला घाबरायचं?

यंत्रायंत्रांत फिरणारा प्रोग्राम म्हटल्यावर अनेकांना व्हायरस आठवतो, आणि ते बरोबरच आहे. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात जॉन शॉक आणि जॉन हप यांनी रिकाम्या संगणकांवर पसरून काम करणारे प्रोग्राम बनवले. त्यांवरचा त्यांचा लेख १९८२ चा. हेतू चांगला होता, पण एका रात्री असा एक प्रोग्राम बिघडला आणि सकाळी केंद्रातले अनेक संगणक ठप्प सापडले. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याचा प्रोग्राम इंटरनेटवर सुटला आणि हजारो संगणक अडकले. एजंट आणि असा मोकाट प्रोग्राम यांच्यात मुख्य फरक परवानगीचा.

यजमान यंत्राने पाहुण्या एजंटापासून स्वतःला कसं जपायचं, हे आज बऱ्यापैकी सुटलेलं आहे. एजंटाला कुंपणाच्या आत चालवायचं, ठरवलेलंच दाखवायचं, त्याच्यावर कुणाची डिजिटल सही आहे ते तपासायचं, मुदत घालायची. आपल्या ब्राउझरमध्ये प्रत्येक वेबपानाबरोबर परका प्रोग्राम येऊन चालतो आणि आपल्या फाइलींना हात लावू शकत नाही, तो याच विचारामुळे.

उलटी अडचण फार कठीण आहे. पाहुण्याने यजमानापासून कसं वाचायचं? एजंट ज्या यंत्रावर चालतो, ते यंत्र त्याची प्रत्येक ओळ वाचू शकतं, बदलू शकतं, त्याच्या वहीतलं सगळं पाहू शकतं. विमानाचं स्वस्त तिकीट शोधायला पाठवलेल्या एजंटाची वही तिसऱ्या विक्रेत्याने उघडली, तर पहिल्या दोघांचे भाव त्याला दिसतात, आणि तो एक रुपया कमी सांगून मोकळा होतो. १९९८ च्या सुमारास यावर अनेकांनी डोकं चालवलं. गुंतागुंतीचे गणिती उपाय निघाले, पण बाजारात चालेल असा एकही नाही. माझ्या मते फिरते एजंट मागे पडले त्यात या अडचणीचा वाटा वेगाच्या वादापेक्षा मोठा आहे. अनोळखी यंत्रांच्या जगात हा पाहुणा फार उघडा पडतो.

पण आपल्या घरात सगळे यजमान ओळखीचे आहेत. बाबांचा फोन एजंटाला फसवून काय मिळवणार? त्यामुळे दुकानदारीसाठी कल्पिलेला हा प्रोग्राम घरगुती फोटोंसाठी जास्त योग्य ठरतो.

अर्थात घरातही सगळं सगळ्यांना दिसावं असं नाही. मुलीच्या लॅपटॉपवर तिच्या मैत्रिणींचे फोटो आहेत. मुलाच्या फोनमध्ये पगाराच्या पावतीचे स्क्रीनशॉट आहेत. बाबांचा एजंट चेहरे शोधत तिथून फिरणार असेल, तर परवाना बाबांनी नव्हे, त्या त्या यंत्राच्या मालकाने लिहायला हवा: हे अल्बम बघ, हे नको, २०१९ बघ, पुढचं नको. निवडलेले फोटो बाहेर जाण्यापूर्वी मालकाला एकदा दाखवायचे आणि त्याने हो म्हणायचं. एखाद्या ॲपला निवडक फोटोच दाखवण्याची सोय आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२३ पासून आहेच. तीच सवय इथे वाढवायची.

एका यंत्रावरून उचललेले फोटो दुसऱ्याला दिसू नयेत, यासाठीही उपाय आहे. सांकेतिक लिपीत बंद करण्याची खूण आणि उघडण्याची खूण वेगवेगळ्या ठेवता येतात. एजंटाबरोबर फक्त बंद करण्याची खूण द्यायची, उघडण्याची घरी ठेवायची. मुलाच्या फोनमधल्या चिमुकल्या प्रती तिथेच बंद होतात, आणि मामांचा संगणक त्या वाहून नेणाऱ्या एजंटाला चालवू शकतो, त्या प्रती उघडू शकत नाही. ठसे मात्र उघडेच ठेवावे लागतात, नाहीतर जुळवणी कशी करणार? ६४ चौकोनांच्या काळ्या-पांढऱ्या ठशावरून चेहरा ओळखता येत नाही, त्यामुळे ही तडजोड चालण्यासारखी आहे.

८. मग हे ॲप कुठे मिळतं?

सरळ उत्तर: असं नावाजलेलं ॲप नाही. आजचे फोन फिरत्या प्रोग्रामला आत घेतच नाहीत. ॲपने मंजुरीनंतर बाहेरून नवे प्रोग्राम उतरवून आपलं काम बदलू नये, असा ॲपलचा नियम आहे. अँड्रॉइडने २०१५ पासून पडद्यामागे चालणाऱ्या ॲपांना झोपवायला सुरुवात केली, बॅटरी वाचवण्यासाठी. दोन्ही निर्णयांमागची कारणं योग्य आहेत, पण एजंटाची वाट त्यांनी अरुंद केली.

कल्पना मात्र तुकड्यातुकड्यांनी जिवंत आहे. २०१६ पासून आयफोन चेहरे आणि देखावे फोनमध्येच ओळखतो, फोटो त्यासाठी बाहेर जात नाहीत. गूगलने २०१७ मध्ये कीबोर्डसाठी एक रीत जाहीर केली. शिकणारी प्रणाली फोनवर येते, तुमच्या टायपिंगवरून तिथल्या तिथे शिकते, आणि तुमचे शब्द तिथेच ठेवून फक्त शिकल्याचं सार परत नेते. नकला घेऊन दप्तरातून बाहेर पडणारा संशोधकच तो. सिंकथिंग हे मोफत सॉफ्टवेअर मधल्या कंपनीच्या साठ्याशिवाय आपलीच यंत्रं एकमेकांना जोडतं. पण ते फाइली उतरवतं, प्रश्न विचारत नाही. ज्यांच्याविषयी हल्ली रोज छापून येतं ते कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट बहुधा कुठे जात नाहीत. एका जागी बसून इतरांकडे मागण्या पाठवतात. त्यांना आजीचे फोटो शोधायला सांगितलं तरी त्यांच्यापुढे दोनच वाटा: सगळे फोटो मागवणं, किंवा फोटोंपाशी कुणाला तरी पाठवणं.

आज बनवायचंच तर मधला मार्ग घ्यावा लागेल. प्रत्येक यंत्रावर एक छोटा कायमचा मदतनीस, मालकाने बसवलेला, मालकाचाच परवाना पाळणारा. त्यांच्यामध्ये फिरतील त्या हलक्या गोष्टी: प्रश्न, मार्ग, ठशांची वही. सूचनासुद्धा फिरवायच्या असतील, तर वेबअसेंब्ली नावाचा प्रकार २०१७ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे. त्यातला प्रोग्राम वेगवेगळ्या यंत्रांवर तसाच चालतो, आणि कुंपणाबाहेर जाऊ शकत नाही. कट्टर मंडळी याला फिरता एजंट म्हणणार नाहीत. न म्हणोत.

अशा वहीचा आणखी एक उपयोग आहे, आणि माझ्या मते शोधण्यापेक्षाही तो मोलाचा आहे. प्रत्येक ठसा किती यंत्रांवर सापडला ते वहीत मोजता येतं. तीन किंवा चार ठिकाणी असलेल्या फोटोंची काळजी नको. ज्यांच्यासमोर ‘एक’ असा आकडा आहे, ते फक्त एकाच यंत्रावर आहेत; ते यंत्र गेलं की गेले. साठ जीबी सरसकट चढवण्यापेक्षा आधी ही यादी करावी आणि तेवढेच फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत. त्यातही पहिला नंबर ज्या यंत्राची बॅटरी फुगली आहे त्याचा.